नऊ महिने एक्सएसएलटी : वाचनालयाची यादी करताना आलेला अनुभव

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या लहानशा मराठी वाचनालयात साडेचार हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत. गेल्या वर्षी त्यांची यादी रजिस्टरातून उतरवून एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक माहितीभोवती तिच्या नावाची खूण घालून लिहायच्या फाइलमध्ये, भरली. एकाच फाइलमधून मोबाइलवर पाहायचं पान, कपाटावर लावायची छापील यादी आणि पुस्तकांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या असं सगळं निघायला हवं होतं. पानाचं दिसणं ठरवणारं सीएसएस थेट एक्सएमएललाही लावता येतं, पण लेखकवार फाइल विषयवार करून देणं त्याच्या हातातलं नाही. म्हणून एक्सएमएलला हवं ते रूप देणारी भाषा, एक्सएसएलटी, घेतली. तेव्हापासून बहुतेक रविवार तिच्यासोबत गेले आहेत.

पहिला महिना जड गेला. व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या नावाला, एकदा किंमत दिली की ती बदलत नाही, त्यामुळे मोजत जा, वाढवत जा ही जुनी सवय इथे चालत नाही. 'पुस्तक' आलं की काय करायचं, 'अनुवादक' आला की काय करायचं, एवढं आपण सांगायचं. अशा एकेका नियमाला टेम्प्लेट म्हणतात. कोणाला कोणतं टेम्प्लेट लागतं ते प्रोसेसर, म्हणजे एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्राम, पाहतो. हे मनात बसल्यावर मात्र काम भराभर होऊ लागलं. आमची माहिती मुळीच एकसारखी नाही. सयाजी साहित्यमालेतल्या जुन्या ग्रंथांसारख्या पुस्तकांवर कुठे शके असतं, कुठे इसवी सन. शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन शेजारी छापायचं, यासाठी एक वेगळं टेम्प्लेट लिहिलं आणि बाकीच्या एकाही ओळीला हात लावावा लागला नाही. असली विस्कळीत माहिती इतक्या नीटपणे हाताळणारं दुसरं साधन मी तरी वापरलेलं नाही.

नवीन शिकणाऱ्यांनी आवृत्ती आधी ठरवावी, असं मी आग्रहानं सांगेन. १.० ही १९९९ची. लिनक्सवर सहज मिळणारा एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोसेसर तेवढीच जाणतो, आणि तिच्यात विषयवार गट पाडायचे तर 'की' (key) नावाची सोय वापरून बराच द्राविडी प्राणायाम करावा लागतो. २००७च्या २.० मध्ये त्यासाठी फॉर-ईच-ग्रूप ही सूचना आली. मी २०१७ची ३.० वापरते, सॅक्सन नावाच्या प्रोसेसरच्या मोफत आवृत्तीवर. सॅक्सन मायकल के यांचा, २.० आणि ३.० या दोन्हींचे संपादकही तेच. अख्खी फाइल मेमरीत घेतली जाते, पण आमच्याएवढ्या यादीला त्याचा काही त्रास नाही.

एक चूक मात्र फार लागली. फाइलमध्ये देणगीदारांचे पत्तेही होते. त्यांच्यासाठी मी टेम्प्लेटच लिहिलं नव्हतं, तेव्हा ते छापले जाणार नाहीत असं धरून चालले होते. प्रत्यक्षात टेम्प्लेट नसलेल्या एलिमेंटमधला (खुणेच्या आतला) मजकूर एक्सएसएलटी आपणहून बाहेर टाकते. कपाटावरच्या यादीच्या तळाशी लोकांचे पत्ते छापून आले. कागद लगेच काढला, पण ज्यांनी विश्वासानं पत्ते दिले होते त्यांना जाऊन सांगावं लागलं. आता मोड या सूचनेत ऑन-नो-मॅचला, म्हणजे टेम्प्लेट न सापडल्यास काय करायचं याला, 'फेल' दिलेलं असतं. अनोळखी काही आलं की काम तिथेच थांबतं. ही सोय ३.० मध्येच आहे. ती पहिल्या दिवसापासून लावा. याच्या उलट, ही सोय लावली नसेल आणि नेमस्पेस (फाइलमधली नावं कोणत्या संचातली ते सांगणारी ओळख) विसरलं तर काहीच जुळत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही, हेही लक्षात असू द्या.

सगळ्यात जास्त रविवार गेले ते अकारविल्ह्यात. चाळीस वर्षं रजिस्टर सांभाळणाऱ्या काकांनी पहिली छापील यादी पाहिली आणि विचारलं, "अगं, 'कावळा'च्या आधी 'काळ' कसा आला?" त्यांचं बरोबर होतं. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर लगेच येतो, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. उत्तर शेवटी युनिकोडच्याच तक्त्यात सापडलं: अवग्रहाचं चिन्ह, ऽ, हे ह च्या पुढे आणि काना-मात्रांच्या आधी बसतं. सॉर्ट करताना शीर्षकातल्या प्रत्येक ळ च्या जागी ऽ धरायला सांगितलं. छपाईत मूळ शीर्षकच राहतं. काकांना यादी पुन्हा दाखवली. त्यांनी बोट ठेवत ठेवत दोन पानं वाचली आणि म्हणाले, "हं, आता लागलं."

किमतींचा आणि देणग्यांचा हिशेबही यातूनच काढते. आकडे कसे छापायचे ते ठरवणाऱ्या फॉरमॅट-नंबरला लाख-हजारांचे स्वल्पविराम जिथल्या तिथे लिहून दिले की २.० पासून ते तसेच येतात, आणि शून्याचा अंक '०' दिला की सगळे आकडे देवनागरीत.

ब्राउझरवर मात्र विसंबू नका. तिथे अजून १.०च आहे, आणि तीही काढून टाकण्याचा बेत क्रोमनं २०२५ मध्ये जाहीर केला. मोबाइलचं पान सुरुवातीला आम्ही ब्राउझरनंच एक्सएमएलमधून तयार करावं असं ठेवलं होतं. आता आधीच एचटीएमएल तयार करून चढवतो.

वडोदऱ्यात असल्यामुळे आमच्याकडे दोन कपाटं गुजराती पुस्तकांची आहेत. ती यादी गेल्या महिन्यात घेतली. गुजरातीतही ળ ह नंतरच येतो, युनिकोडमध्ये मात्र व च्या आधीच, आणि त्या लिपीचा अवग्रहही अगदी त्याच जागी आहे. एक ओळ वाढवली, आणि दोन्ही कपाटं पहिल्याच फेरीत क्रमानं लागली.