तळ्याकाठचा मोका, पार्ल्याच्या ओट्यावर

आमच्या इमारतीतील निवृत्त फौजदारांसमोर मी पहिल्यांदा "रोज सकाळी सातला मोका लावतो" असे म्हणालो, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे रोखून पाहिले होते. महाराष्ट्रात १९९९ साली आलेल्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यामुळे, म्हणजे 'मोक्का'मुळे, हा शब्द मुंबईकराच्या कानाला वेगळाच लागतो, याचे भान दोन वर्षे इटलीच्या खेड्यात काढल्यावर मला उरले नव्हते. मी बोलत होतो ते कॉफी करण्याच्या अष्टकोनी, ॲल्युमिनिअमच्या भांड्याबद्दल. पत्नीच्या संशोधनाच्या कामानिमित्त आम्ही उंब्रिया प्रांतात, त्राझिमेनो तळ्याजवळच्या एका लहान गावात दोन वर्षे राहिलो आणि परत येताना कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून हे भांडे विलेपार्ल्याला आणले. तिथली दोन आणि इथली तीन अशी पाच वर्षे ते जवळजवळ रोज वापरल्यानंतर त्याच्याविषयी लिहीत आहे.

भांड्याचे भाग तीन. खाली पाण्याची टाकी असते आणि तिच्या कुशीला पितळी झडप बसवलेली असते. मधे नरसाळ्याच्या आकाराची चाळणी असते, जिच्यात कॉफीची पूड भरतात. आणि वर कान व चोच असलेले भांडे असते, ज्याच्या मधोमध एक पोकळ खांब उभा असतो. खालचे पाणी तापू लागले की आत कोंडलेल्या हवेचा आणि वाफेचा दाब ते पाणी नळीतून वर ढकलतो, ते पुडीतून झिरपते आणि त्या खांबाच्या तोंडातून कॉफी होऊन बाहेर पडते. ज्या घरात प्रेशर कुकर नांदतो त्या घराला यात नवीन काही नाही: वॉशर, झडप, दाब आणि मंद आच, सगळे ओळखीचेच आहे. मात्र हा दाब फार तर एक ते दोन बार (दाबाचे एकक) असतो आणि एस्प्रेसोच्या यंत्राचा नऊच्या आसपास, त्यामुळे मोक्यातून निघते ती एस्प्रेसो नव्हे. तिच्यावर तो दाट तांबूस फेस येत नाही. तो हवा असेल त्याने हे भांडे घेऊ नये, कारण इटलीतसुद्धा एस्प्रेसो ही बारच्या, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानाच्या, काउंटरशी उभे राहून दोन घोटांत संपवण्याची गोष्ट आहे आणि मोका घरातली.

हे भांडे १९३३ साली उत्तरेकडच्या पिडमाँट प्रांतात, ओमेन्या गावाला लागून असलेल्या क्रुसिनाल्लो येथे आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यात घडले आणि येमेनमधील मोखा या कॉफीच्या जुन्या बंदरावरून त्याला नाव मिळाले. ते घरोघरी पोहोचवले ते त्यांचे चिरंजीव रेनातो यांनी, दुसऱ्या महायुद्धानंतर, जाहिरातींचा धडाका लावून. बोट वर करून उभा असलेला मिशाळ माणूस हे चिन्हही त्याच काळातले. रेनातो २०१६ साली वारले तेव्हा त्यांच्या अस्थी मोक्याच्याच आकाराच्या मोठ्या कलशात ठेवण्यात आल्या. हे मी आईला सांगितले, तेव्हा तिने त्या दिवशीची कॉफी घेण्याचे टाळले.

आमचा मोका आम्ही गावापासून सहा किलोमीटरवरच्या फेर्रामेंतात घेतला. फेर्रामेंता म्हणजे आपल्याकडचे हार्डवेअरचे दुकान, फक्त त्यात खिळे, नळ आणि द्राक्षवेली छाटायच्या कात्र्या यांच्या शेजारी मोक्याचे वॉशर मापाप्रमाणे खुंट्यांना टांगलेले असतात. आम्ही पोहोचलो ते दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे दुकान बंद होऊन पाच मिनिटे झाल्यावर, आणि ते साडेतीनला उघडेपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहिलो. ग्रामीण इटलीत राहायला गेलेल्या प्रत्येक मुंबईकराला हा धडा एकदा मिळतोच. दुपारच्या वेळी खरेदीला निघायचे नाही, हे आमच्या अंगवळणी पडायला तरी महिना लागला. साडेतीनला दुकानदाराने कंपनी किंवा किंमत यांविषयी काहीही न विचारता एवढेच विचारले, "तुम्ही किती जण?" हा प्रश्न किती मोलाचा आहे ते नंतर कळले. मोका अर्धवट भरून चालत नाही. चाळणी पूर्ण भरावी लागते आणि पाणी झडपेच्या खालपर्यंतच लागते. त्यामुळे तिथल्या घरात एकाच्या, तिघांच्या आणि सहांच्या मापाचे असे दोन-तीन मोके फळीवर ओळीने उभे असतात. आम्ही दोघे म्हणून त्याने तीन कपांचा दिला.

घेणाऱ्याने इथेच सावध व्हावे. हे 'कप' इटलीचे आहेत. तीन कपांच्या मोक्यातून निघते सुमारे १३० मिलिलिटर कॉफी, म्हणजे आपल्या घरातला एक कप. मुंबईत परतल्यावर पहिल्यांदा मी पुण्याहून आलेल्या आत्याला चिमुकल्या पेल्यात ती कॉफी दिली, तेव्हा तिने पेल्यात डोकावून "हे काय, तीर्थ आहे का?" असे विचारले आणि तळहात पुढे केला. मराठी घरात पाहुणे धरून चालायचे असेल, तर सहा कपांच्या खालचे माप घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तंत्र शिकवले ते शेजारच्या आजींनी. आम्ही त्यांना सिन्योरा म्हणत असू. पहिल्या तीन खेपांची कॉफी टाकून द्यायची, कारण तिला धातूची चव येते. पूड चाळणीत हलक्या हाताने भरायची, तिचा छोटा डोंगर होऊ द्यायचा आणि चमच्याने ती दाबायची मुळीच नाही. आच इतकी बारीक ठेवायची की ज्योत बुडाच्या कडेबाहेर डोकावता कामा नये. त्यानंतर झाकण उघडे ठेवून पाहत राहायचे. तीन-चार मिनिटे काहीच घडत नाही. मग खांबाच्या तोंडाशी काळसर तपकिरी थेंब जमतो, ओघळतो, त्याच्यामागून मधासारखी संथ धार लागते आणि हळूहळू तिचा रंग उतरत गव्हाळ होत जातो. धार पिवळट झाली आणि भांडे घशातल्या घशात गुरगुरू लागले की त्याच क्षणी गॅस बंद. गुरगुर पूर्ण होऊ दिली तर उरलेली वाफ पुडीतून कडू रस ओढून आणते आणि सगळी कॉफी नासते. माझ्या हातून पहिल्या महिन्यात बिघडलेल्या बहुतेक कॉफ्या या शेवटच्या अर्ध्या मिनिटात बिघडल्या.

सिन्योरा दारात दिसलेल्या कोणालाही "मेत्तो सू इल काफे?" असे विचारत. शब्दशः अर्थ "कॉफी ठेवू का?" आपल्याकडच्या "चहा टाकू का?" या प्रश्नाचे हे सख्खे भावंड ओळखायला मला शब्दकोश लागला नाही, आणि आपल्यासारखेच तिथेही "नको" हे उत्तर एकदा दिल्यास धरले जात नाही.

इटलीत रहिवासी म्हणून नोंद झाल्यावर भारतीय परवान्यावर एक वर्षच गाडी चालवता येते. पुढे इटालियन भाषेतून परीक्षा देणे भाग असते. मी ती दिली नाही. त्यामुळे दुसऱ्या वर्षी आमच्या सहली पायी, बसने किंवा सिन्योरांच्या भाच्याच्या गाडीतून होत आणि रविवारी बस नसल्याने त्या दिवशी पायीच. आठवडी बाजाराला मात्र आम्ही कास्तिल्योने देल लागोला जात असू, जिथे किल्ल्याच्या भिंतींखालून तळे दिसते. तळे मोठे आहे, सुमारे १२८ चौरस किलोमीटर, पण उथळ, इ. स. पू. २१७ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्याला त्याच्याच उत्तर काठावर कोंडीत पकडले होते. पास्सिन्यानोहून बोटीने इझोला माज्जोरे या बेटावर जाऊन दोन तासांत अख्खे बेट पायी फिरून परत येणे ही आमची ठरलेली सहल होती.

त्या बाजारात एकदा एका शेतकऱ्याच्या टोपलीत मला तांदळापेक्षा थोडे मोठे, पांढरट दाणे दिसले. नाव फाजोलिना देल त्राझिमेनो. मूठभर हातात घेतले आणि ओळख पटली: ही चवळी. आपल्या चवळीपेक्षा बरीच लहान, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही त्याच जातीची. शेंगा एकदम पिकत नाहीत, त्यामुळे त्या पुन्हा पुन्हा हाताने तोडाव्या लागतात आणि म्हणून ती महाग असते. एकेकाळी तिची लागवड जवळजवळ संपलीच होती. सिन्योरा ती नुसती उकडून वर ऑलिव्ह तेल घालत. मी कांदा, मिरची, घरून आणलेला गोडा मसाला आणि गूळ घालून उसळ केली. त्यांच्या गावचा पाव बिनमिठाचा असतो. पोपने मिठावर लावलेल्या कराचा राग म्हणून तो तसा झाला, असे तिथे सांगतात. त्या पावाबरोबर त्यांनी उसळ दोनदा वाढून घेतली, गूळ ओळखला, मसाला ओळखला नाही, आणि मग उठून आमच्या ओट्यावर स्वतःच मोका ठेवला. तिखटावर ती दाट, बिनसाखरेची कॉफी इतकी नेमकी बसते की आजही पार्ल्यात उसळ केली की ताकाऐवजी मी मोका ठेवतो. घरच्यांना हे पटलेले नाही.

मुंबईत मोका चालतो, पण काही गोष्टी जमवून घ्याव्या लागतात. पहिली अडचण शेगडीची. आपल्या गॅसच्या बर्नरवरची जाळी पातेली आणि कुकर यांच्या बेताने केलेली असते. तीन कपांचा मोका तिच्या मधल्या पोकळीत तिरका होऊन बसतो आणि एकदा तर माझा सरळ आडवा झाला. दादरला रानडे रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात मिळालेल्या लहान गोल जाळीने तो प्रश्न सुटला. ज्यांच्याकडे इंडक्शनची शेगडी आहे त्यांना ॲल्युमिनिअमचा मोका उपयोगाचा नाही. त्यांनी स्टीलच्या बुडाचा आणि इंडक्शनवर चालेल असे स्पष्ट लिहिलेला घ्यावा.

पाण्याच्या बाबतीत मात्र मुंबई सरस ठरते. तिथल्या चुनखडीच्या पाण्याने टाकीच्या आत पांढरा थर धरत असे आणि झडप मोकळी राहावी म्हणून तो अधूनमधून व्हिनेगरच्या पाण्याने काढावा लागे. तलावांतून येणारे आपले पाणी मऊ असल्याने तीन वर्षांत मला ते एकदाही करावे लागले नाही.

खरी गोम आहे पुडीची. माटुंग्याहून आणलेली चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी मी हौसेने भरली, तर धार मधेच अडखळली आणि उतरली ती चिकट, काढ्यासारखी. चिकोरी अजिबात नको. दुकानात बिनचिकोरीची कॉफी मागावी आणि ती यंत्राच्या एस्प्रेसोपेक्षा थोडी जाड, बारीक रव्याच्या जवळपास दळून घ्यावी. परदेशी पाकिटांच्या मागे लागण्याचे कारण नाही, कारण भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक इटलीच आहे आणि कर्नाटकातला रोबस्टा जातीचा दाणा तिथल्या मिश्रणांत मुरलेला असतो. आमच्या गावच्या बारमध्ये मी ज्या कॉफीचे कौतुक करत असे, तिच्यात कोडगूचा (कूर्गचा) वाटा असण्याची शक्यता बरीच होती. पावसाळ्यात पूड सादळते, तेव्हा आठवड्यापुरतीच दळून आणणे बरे.

मोका साबणाने धुवायचा नसतो, नुसत्या गरम पाण्याने धुऊन कोरडा करायचा असतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना ही कल्पनाच अस्वच्छ वाटली. एका सकाळी त्यांनी तारेच्या घासणीने तो आतून-बाहेरून असा लखलखीत केला की आत बसलेला कॉफीचा थर साफ गेला आणि पुढचे चार दिवस कॉफीला पुन्हा धातूची चव आली. तेव्हापासून तो सिंकमध्ये जात नाही. तो मीच धुतो आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर उलटा ठेवतो, यावर मावशींनी काय म्हटले ते इथे लिहीत नाही.

नकली मालाबद्दल मात्र गंभीरपणे सांगायला हवे. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी माझा मोका पाहून ऑनलाइन एक स्वस्तातला, दिसायला हुबेहूब तसाच मागवला. त्याची झडप पहिल्यापासूनच अडकलेली होती आणि आटे सैल होते. दुसऱ्या आठवड्यात दाब वाढून जोडावरून उकळती कॉफी उडाली आणि फरशांवर छतापर्यंत डाग पडले. कोणी जवळ उभे नव्हते म्हणून निभावले. कुकरची झडप आपण जशी तपासून घेतो तशीच ही घ्यावी: तिच्या मधली बारीक दांडी बोटाने हलते का, वरचा भाग पुरता फिरून घट्ट बसतो का आणि वॉशर पुरता चपटा बसला आहे का. अस्सल माल इथे आयात होऊन येत असल्याने तिथल्यापेक्षा बराच महाग पडतो. मी फेर्रामेंतात २४ युरो मोजले होते. तरीही पाच वर्षांत दोन वॉशर सोडले तर त्याच्यावर काहीही खर्च झालेला नाही.

सकाळची आठ बाराची लोकल पकडणाऱ्याला मी मोका सुचवणार नाही. पाणी भरण्यापासून पेल्यात ओतेपर्यंत सात-आठ मिनिटे जातात आणि त्यातली निम्मी शेगडीशी उभे राहून घालवावी लागतात. दुधाची कॉफी आवडणाऱ्यांनी तेवढेच गरम दूध घालून बघावे. आमच्या घरी आई तशीच घेते, दोन चमचे साखर घालून, आणि तिला हे भांडे परदेशातून आणलेल्या सगळ्या वस्तूंपैकी एकटे कामाचे वाटते.

फेर्रामेंतातून निघताना तीन सुटे वॉशर घेतले होते. त्यातला दुसरा या गणपतीत बसवला. खबरदारी म्हणून जुना कडक झालेला वॉशर घेऊन मी दादरला कुकरदुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या काकांनी तो बोटांत फिरवून "हा कुठल्या कुकरचा?" असे विचारले, दोन-तीन मापे लावून पाहिली, मिक्सरच्या भांड्याचा एक वॉशर ताणूनही पाहिला आणि शेवटी मान हलवली. ज्यांना मोका घ्यायचा आहे त्यांनी भांड्याबरोबरच त्याच मापाचे दोन-तीन वॉशर मागवून ठेवावेत.