पावसाळाभर कुळागरात टांगलेले सेन्सर नोड: वापरानंतरचा अनुभव

मिरगाच्या आधी बसवलेले नोड, म्हणजे हवेतली ओल मोजून रेडिओने कळवणारे छोटे डबे, तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी आकडे पाठवताहेत, तेव्हा आता त्यांच्याविषयी लिहायला हरकत नाही. गोव्यात सावईवेऱ्याला आमचं कुळागर, म्हणजे मिश्र बागायत, आहे. वर माड आणि पोफळी, पोफळींवर चढवलेली मिरी, खाली केळी आणि जायफळ. पावसाळ्यात पोफळीला भय कोळेरोगाचं. पाऊस लागून राहिला, हवा गार आणि दमट झाली की फायटोप्थोरा हा बुरशीसारखा जंतू कोवळ्या घोसांवर पसरतो आणि हिरवी सुपारी गळून पडते. पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी होते, दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, आणि तिला उघडीप लागते. पोफळीच्या शेंड्याकडे ओल किती तास टिकून आहे, हे काकांना घरबसल्या कळावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

नोडचा सर्किट बोर्ड मी किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला: दोन थरांचा, ५० बाय ३० मिलिमीटर. त्यावर एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, आतल्याच ८ मेगाहर्ट्झ घड्याळावर चालणारा. लोरा या कमी विजेत दूरवर पोचणाऱ्या रेडिओसाठी एसएक्स१२७६ चिपचं आरएफएम९५ मॉड्यूल आणि तापमान-आर्द्रतेसाठी एसएचटी३१. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे कमी ताकदीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे, त्यात हे बसतं. दर पंधरा मिनिटांनी नोड जागा होतो, मोजतो, छोटं पॅकेट पाठवतो, परत झोपतो. ती पॅकेट घेणारा गेटवे घराच्या माडीवर.

ज्यांना असं काही करायचंय त्यांना माझं पहिलं सांगणं: बॅटरी निवडायच्या आधी झोपेतला करंट मोजा. बाजारातला ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचा तयार डेव्हलपमेंट बोर्ड शिकायला उत्तम, झाडावर टांगायला नाही. चिप स्वतः डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. पण अशा बऱ्याच बोर्डांवर व्होल्टेज स्थिर ठेवणारा एएमएस१११७ रेग्युलेटर असतो आणि तो काहीही काम नसताना स्वतःपुरते ५ मिलिअँपिअर खातो. यूएसबीची चिप आणि पॉवरचा एलईडी वेगळेच. मिळून १० मिलिअँपिअर धरले तर १५०० मिलिअँपिअर-अवरचा सेल सहा दिवसांत संपतो, नोडने एकही आकडा पाठवला नाही तरी. शिवाय या रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा व्होल्टभर जास्त इनपुट लागतं. ३.३ व्होल्ट हवे असतील तर ४.४ तरी द्यायला हवेत, आणि लिथियम-आयन सेल पूर्ण भरला तरी ४.२चाच. गळकी कळशी मोठी घेतली म्हणून पाणी टिकत नाही, तसं हे आहे.

आमच्या बोर्डाचा हिशेब असा. १७ डीबीएम ताकदीने पाठवताना मॉड्यूल ८७ मिलिअँपिअर ओढतं. वीसेक बाइटचं पॅकेट १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थला स्प्रेडिंग फॅक्टर (सिग्नल किती सावकाश पाठवायचा ते ठरवणारा आकडा; मोठा तितका लांब पोचतो) ७वर सुमारे ५७ मिलिसेकंदांत जातं, ९वर १८५ मिलिसेकंदांत, आणि १२वर त्याला १.३ सेकंद लागतात. पंधरा मिनिटांत विभागलं तर ९वर सरासरी १८ मायक्रोअँपिअर पडतात. त्यात झोपेतले ८ मिळवून २६. तोच नोड १२वर टाकला की सरासरी १३५च्या घरात. १५००च्या सेलवर पहिला हिशेब कागदावर सहा वर्षांच्या वर जातो, दुसरा सव्वा वर्षाचा. कागदावरची सहा वर्षं हातात पडत नाहीत, कारण सेल आपोआपही उतरतो. पण रेंज कमी पडतेय म्हणून सरळ १२ निवडणारे जे मोजतात ती किंमत ही. मी अँटेना आणि जागा सुधारून ९वर राहिले.

मोजण्याची एक अडचण नवख्यांना फार छळते. मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजमध्ये आतला रोध मोठा असतो. नोड जागा होऊन मिलिअँपिअर मागू लागला की व्होल्टेज मीटरमध्येच पडतं, चिप रीसेट होते आणि झोपेपर्यंत पोहोचतच नाही. मी मीटरच्या दोन्ही टोकांना आडवा एक छोटा स्विच लावते. सुरू होताना तो ऑन, म्हणजे करंट त्यातून जातो. नोड झोपला की ऑफ, आणि मग मीटरवर खरा आकडा येतो. ८च्या जागी ३० दिसले तर बहुधा ब्राउन-आउट डिटेक्टर, म्हणजे व्होल्टेज पडलं की चिप रीसेट करणारा भाग, चालू राहिलेला असतो, तो एकटाच वीसेक मायक्रोअँपिअर घेतो. शंभराच्या वर दिसले तर एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, बंद केलेला नाही. आकडा हात जवळ नेल्यावर हलत असेल तर एखादी इनपुट पिन अधांतरी आहे. लोरा मॉड्यूलच्या चिप-सिलेक्ट पिनला पुल-अप रेझिस्टर द्याच.

आता सेल. बोर्डावर रेग्युलेटरच ठेवलेला नाही, आणि या बोर्डातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. एसएक्स१२७६ १.८ ते ३.७ व्होल्टवर चालते, ८ मेगाहर्ट्झवरचा एटीमेगा आणि एसएचटी३१ही २.४ व्होल्टच्या वर आरामात चालतात. म्हणजे ३.२ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल थेट जोडता येतो. चार्जरवर तो ३.६५पर्यंत जातो, काढून ठेवला की थोड्या वेळात ३.४च्या आसपास उतरतो, आणि मग शेवटपर्यंत जवळजवळ सपाट रेषेत चालतो. उलटा सेल बसला तर जळू नये म्हणून डायोडऐवजी पी-चॅनल मॉस्फेट हा ट्रान्झिस्टर घातलाय, त्यात व्होल्टेज जवळजवळ वाया जात नाही. सपाट रेषेचा तोटा एवढाच की व्होल्टेज बघून सेल किती उरलाय ते कळत नाही. मी ३.० व्होल्टची खूण ठेवलीय. त्याखाली आला की सेल उतरवायचा.

काही नोडांवर तुलनेसाठी डबल-ए आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल लावला होता: ३.६ व्होल्ट, २४०० मिलिअँपिअर-अवरच्या वर क्षमता, स्वतःहून उतरण्याचं प्रमाण अगदी कमी. कागदावर हा सेल जिंकतो. पण याच्या आत लिथियमवर एक पापुद्रा धरतो आणि बराच वेळ स्वस्थ बसल्यावर अचानक मोठा करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. त्यावर उपाय म्हणून ‘४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा’ असं सर्रास सांगितलं जातं. गणित करून बघा. ८७ मिलिअँपिअर गुणिले १८५ मिलिसेकंद म्हणजे सुमारे १६ मिलिकूलोम. हा सगळा भार कॅपॅसिटरने उचलायचा आणि व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडू द्यायचं नाही, तर ३२,००० मायक्रोफॅरड लागतात. ४७०चा सल्ला एनआरएफ२४सारख्या रेडिओंसाठी बरोबर होता, कारण ते मिलिसेकंदभरात काम उरकतात आणि बारा-तेरा मिलिअँपिअरच घेतात. लोराला तो लागू नाही. मग सुपरकॅपॅसिटर घ्यावा, तर नाण्याच्या आकाराच्या ५.५ व्होल्टवाल्यांचा आतला रोध बहुधा इतका मोठा असतो की ८७ मिलिअँपिअरला तेच गळपटतात. कमी रोधाची जोडी घ्यावी लागते, ती जागा खाते, गळतीही वाढवते. माझ्यासाठी निकाल स्पष्ट आहे: लोरा असेल तर आयर्न फॉस्फेट. थायोनिल क्लोराइडचे सेल चुकूनही चार्जरला लावू नका, ते फुटू शकतात.

सोलर पॅनेल का नाही, हे सगळेच विचारतात. कुळागरात खाली उभं राहून वर बघा. माडाच्या झावळ्या, त्याखाली पोफळीच्या, त्याखाली केळीची पानं; भर मे महिन्यात ऊन ठिपक्याठिपक्यांनी येतं, आषाढ-श्रावणात तर दुपारी चारला दिवा लावावा लागतो. पॅनेल, चार्जर चिप आणि त्यांची जोडणी म्हणजे ओल शिरायला आणखी तीन जागा. २६ मायक्रोअँपिअरच्या नोडला त्याची गरजच नाही.

पावसाळ्याने खरी परीक्षा घेतली ती ओलीची. फरक कळावा म्हणून एक बोर्ड मुद्दाम कोटिंगशिवाय आणि सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स न पुसता डब्यात ठेवला होता. जुलै निम्मा सरता सरता तो सेलचं व्होल्टेज कमी सांगू लागला. मीटरने सेल ३.२८ दाखवायचा, नोड ३.१. सेल मोजायचा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज विभागणारी जोडी, दोन १ मेगॅओमच्या रेझिस्टरांचा आहे. एवढ्या मोठ्या रोधाला बाजूने ओलीची बारीक वाट मिळाली तरी आकडा घसरतो. भिंगाखाली धरला तर रेझिस्टरच्या टोकांभोवती पांढरट, पिठूळ कडं दिसत होतं. ‘नो-क्लीन’ फ्लक्स कोरड्या खोलीत पुसला नाही तरी चालतो, गोव्याच्या पावसाळ्यात तो हवेतली ओल धरतो आणि गळतीला रस्ता करून देतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासला, उन्हात नव्हे तर दिव्याच्या उबेत वाळवला, आणि आकडा पुन्हा ३.२८वर आला. बाकीचे सगळे बोर्ड आधीच धुऊन, अॅक्रिलिक कोटिंगचे दोन हात देऊन लावले होते, त्यांना काही झालं नाही. कोटिंग फवारताना एसएचटी३१चं तोंड टेपने झाका.

भोकं बुजवायला सिलिकोन घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो तो प्रकार वाळताना अॅसेटिक अॅसिड सोडतो आणि तांबं खातो. न्यूट्रल क्युअर लिहिलेलाच आणा, आणि तोही सेन्सर बसवण्याआधी दोन दिवस पूर्ण वाळू द्या. तार आत घ्यायची बूच, म्हणजे केबल ग्लँड, नेहमी खालच्या बाजूला. डबा पूर्ण हवाबंद करायचा हट्ट मी सोडायला सांगेन: दिवसा तापतो, रात्री गार होतो, आणि कुठून तरी ओल आत ओढून घेतोच. तळाला एक बारीक भोक ठेवून त्यावर हवा जाऊ देणारा पडदा चिकटवला की पाणी साचत नाही. त्यावर स्टीलची बारीक जाळीही हवी, नाहीतर हुमले, म्हणजे मुंग्या, आत घर करतात.

बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, आणि ते सेन्सरच्या तोंडावर वाळलं तर आकड्यांचा भरवसा संपला. म्हणून फवारणीआधी डब्यांना पिशव्या बांधायच्या. काका आता स्वतःच आदल्या संध्याकाळी विचारतात, “बाय, डबे झाकलेस गो?”

एसएचटी३१विषयी माझं मत चांगलं आहे, पण एक गोष्ट समजून वापरा. ८० टक्क्यांच्या वर सलग दिवस काढले की त्याचा आकडा तात्पुरता तीनेक टक्के वर सरकतो. त्यामुळे ९७ आणि १०० यांत भेद करत बसण्यात अर्थ नाही. आम्ही ९० टक्क्यांच्या वर सलग किती तास गेले तेवढंच बघतो, आणि निर्णयाला तेवढं पुरतं.

बोर्ड लहान केल्याची किंमत अँटेना मोजते. ८६६ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ८६ मिलिमीटरच्या जवळ येते. साधी तार लावली तर ती थोडी आखूड, ८२च्या आसपास कापावी लागते. पण तारेला खाली तेवढ्याच लांबीचा ग्राउंड हवा असतो आणि आमचा बोर्ड ५० मिलिमीटरचा. ग्राउंडला आणखी एक तार जोडून ती उलट दिशेला सोडल्यावर दूरच्या नोडांचे हरवणारे पॅकेट थांबले. बोर्डावर मॉड्यूलच्या अँटेना पिनपासून तारेच्या पॅडपर्यंतचा ट्रेस काही मिलिमीटरांचाच ठेवा. १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन थरी बोर्डावर ५० ओमचा साधा ट्रेस जवळजवळ ३ मिलिमीटर रुंद होतो, तो लांब न्यायला जागाच नसते. पानं भिजली की सिग्नल काही डेसिबलने उतरतो. रेंज तपासायची तर पाऊस पडत असताना तपासा.

मातीतल्या ओलीच्या सेन्सरवर मात्र मी नाराज आहे. ऑनलाइन मागवलेल्या कपॅसिटिव्ह पट्ट्यांपैकी काहींवर कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या टीएलसी५५५ टायमर चिपऐवजी साधा एनई५५५ निघाला. त्याला ४.५ व्होल्ट लागतात, आमच्या ३.२वर तो भलतेच आकडे देतो. विक्रेत्याच्या फोटोत चिपवरची अक्षरं वाचता येत नव्हती. शिवाय पट्टीची कापलेली कड उघडी असते आणि तिथून पाणी थरांत शिरतं. कडांना इपॉक्सी लावून आणि पट्टीला मोजणीपुरतीच वीज देऊन चालवतेय, कारण चालू असताना ती ५ मिलिअँपिअर घेते. पावसाळ्यात माती तशीही चिंब, त्यामुळे खरा उपयोग आता, पाटाचं पाणी फिरवायच्या दिवसांत कळेल.

यंदा दुसऱ्या फवारणीचा दिवस काकांनी आभाळ बघून आणि आलेख बघून, दोन्ही मिळून ठरवला.

पुढच्या बोर्डात स्प्रिंगचा सेल होल्डर काढून टाकतेय, कारण स्प्रिंगला गंज धरलाय. टॅब, म्हणजे धातूच्या पट्ट्या, वेल्ड केलेले सेल घेऊन सरळ बोर्डाला सोल्डर करायचे. सेलच्या उघड्या टोकाला कधीही सोल्डरिंग आयर्न टेकवू नका. पॅडना सोन्याचा मुलामा मागवलाय. आमच्या इथे समुद्र लांब आहे, तरी उघडं तांबं काळं पडतं. कळंगुट किंवा मांद्र्याच्या बाजूला खाऱ्या वाऱ्यात कुणी हे लावणार असेल तर मुलामा आणि कोटिंग दोन्ही धरूनच खर्चाचा अंदाज काढा.