भूसुरुंग: ओटावा करार की सुधारित दुसरा प्रोटोकॉल?

वादविवाद स्पर्धेच्या तयारीत भाची अडली: भारताने ओटावा करारात सामील व्हावं, की प्रोटोकॉलवरच (संयुक्त राष्ट्रांच्या पारंपरिक शस्त्रांवरच्या कराराला जोडलेला पूरक करार) थांबावं?

बंधन: १९९७ चा ओटावा करार माणसांविरुद्धचे सुरुंग सरसकट बंद करतो, साठा ४ वर्षांत नष्ट, जमीन १० वर्षांत साफ. १९९६ चा प्रोटोकॉल वापर चालू ठेवतो, फक्त सुरुंग ८ ग्रॅम लोखंडाइतका तरी शोधयंत्राला सापडावा आणि हाताने पेरलेले, आपोआप नष्ट न होणारे सुरुंग असलेल्या क्षेत्राला कुंपण हवं. मला हे अपुरं वाटतं. पुरात सुरुंग वाहून शेतात येतात, कुंपण तिथेच राहतं.

सदस्य: भारत, पाकिस्तान, चीन, अमेरिका, रशिया प्रोटोकॉलमध्ये, ओटावात यांपैकी कुणीच नाही. २०२५ मध्ये पोलंड, फिनलंडनेही ओटावा सोडायचं ठरवलं.

सीमेची तातडीची गरज मांडायची तर प्रोटोकॉल. सीमेवरच्या शेतकऱ्याची बाजू घ्यायची तर ओटावा.