इनस्क्रिप्ट काढून टाकला, म्हणून दोनच तारे

मी कराडला एका छापखान्यात मजकूर जुळवते, प्रुफं तपासते. लग्नसराईत पत्रिकांचा मजकूर व्हॉट्सॲपवर येतो आणि तिथेच दुरुस्त होऊन परत जातो, त्यामुळे मोबाइलचा कीबोर्ड दिवसभर हाताखाली असतो. हे ॲप मी कितीतरी जणांना घ्यायला लावलं, ते त्यातल्या इनस्क्रिप्टसाठी, म्हणजे थेट देवनागरी कळांच्या मांडणीसाठी. मात्रा डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे. 1991 च्या भारतीय मानकातली ही मांडणी विंडोजमध्येही मिळते, म्हणजे छापखान्यात आणि फोनवर बोटांना एकच सवय.

नव्या अपडेटने ती काढलीच. सेटिंगमध्ये मांडणी निवडायचा पर्यायसुद्धा नाही. आता इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि वर येणाऱ्या सूचनांमधून मराठी शब्द उचलायचा. गप्पा मारायला चालेल, छपाईला नाही.

साधं ‘वऱ्हाड’ घ्या. आधी व, मग शिफ्ट धरून र दाबला की ऱ, पुढे हलन्त, ह, काना, ड. न बघता व्हायचं. आता ‘वर्हाड’ येतं, ह च्या डोक्यावर रफार. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे, सगळ्यांची तीच गत. ज्या घरचं कार्य आहे त्यांचंच आडनाव चुकीचं छापून द्यायचं का? हल्ली मी अशी नावं जुन्या पत्रिकांच्या फाइलींमधून कॉपी करून चिकटवते. आणि चूक दर वेळी डोळ्यांना दिसतेच असं नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ दोन्ही बरोबर शब्द आहेत, पण मंडपात एक आशीर्वाद द्यायला येतो आणि दुसरा स्वयंपाक करायला.

ॲ ची कळही गेली. 2009 च्या शासन निर्णयाने वर्णमालेत घेतलेला हा स्वर. पत्रिकेत ‘ॲड.’ लावलेलं एक तरी नाव असतंच. सूचनेतून येतो तो अ आणि वेगळा चंद्र, आणि आमच्या काही फॉन्टांत तो चंद्र बाजूला सरकतो.

बोलून लिहिण्याची सोय सुधारली आहे, तेवढ्याचे दोन तारे. मेल केला तर उत्तर आलं की ही मांडणी फार कमी लोक वापरत होते. अहो, पण जे वापरत होते त्यांचं पोट त्यावर आहे! पुढे ठेवू नका, सेटिंगच्या तळाशी ठेवा, पैसे लावा. पण परत द्या.

ज्यांच्याकडे अजून जुनी आवृत्ती आहे त्यांनी प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर वरच्या तीन टिंबांमध्ये जाऊन ऑटो अपडेटची खूण आजच काढावी. नवी आवृत्ती एकदा आली की तिथून जुनी परत मिळत नाही. आमच्याकडच्या दोघांचे फोन एवढ्यानेच वाचले आणि आडनावांचं काम सध्या त्यांच्याकडेच जातं.