जुन्या गाड्या आणि डायनो: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आम्ही काही मित्र, सगळ्यांकडे एकेक जुनी प्रोजेक्ट गाडी, गेले काही महिने मिळून रोलर डायनोचा (चाकं रोलरवर फिरवून गाडीची ताकद मोजणारं यंत्र) स्लॉट घेतो आणि एकेक गाडी चढवतो. सुरुवातीला सगळ्यांचा एकच प्रश्न, किती हॉर्सपॉवर? आता तो आकडा कुणी फारसा विचारत नाही, कारण जुन्या गाडीत काही ना काही बिघडलेलं असतंच आणि ते ग्राफच्या आकारात दिसतं.

आकड्याचं आधी सांगून टाकतो. ब्रोशरमधला आकडा फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनच्या टोकाचा, डायनो मोजतो चाकावरचा, मधे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर सगळे आपापला वाटा खातात. १९७१ पर्यंतच्या अमेरिकन गाड्यांचे आकडे तर बहुतेक ग्रॉस, म्हणजे उघडं इंजिन टेस्ट बेंचवर, १९७२ पासून नेट, म्हणजे गाडीत असतं तसं सगळ्या जोडण्यांसकट, द्यायला लागले, त्यामुळे तुलना करून रडत बसू नका. आणि कुणी प्रिंट नाचवत आला तर करेक्शन (हवामानाप्रमाणे आकडा जुळवायचं सूत्र) कुठलं ते विचारा, एसटीडी आणि एसएई ही त्यातली दोन, एसटीडीवाला आकडा एसएईपेक्षा साधारण ४ टक्के फुगलेला असतो.

खरी कामाची चीज म्हणजे पॉवरच्या ग्राफखाली चालणारी एअर-फ्युएल रेशोची, म्हणजे पेट्रोलच्या एका भागामागे हवा किती भाग त्याची, रेघ. एका मित्राची कार्बवाली (कार्बोरेटरची) गाडी, मधल्या आरपीएमला १२.८, एकदम मस्त, पण ४५०० च्या पुढे रेघ सरळ १५ कडे, म्हणजे लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), आणि पॉवर धपकन खाली. सगळे ओरडले जेट (कार्बमधली पेट्रोल सोडणारी भोकं) मोठे टाक. पण जेटच लहान असते तर मधेही लीन दिसायला हवं होतं ना? मग पुढचा रन मुद्दाम वरच्या आरपीएमपासून सुरू केला, आणि लीन व्हायची जागा ४५०० वरून पुढे सरकली. म्हणजे भानगड आरपीएमची नाही, वेळेची, फ्लोट बाऊल (कार्बमधली पेट्रोलची छोटी टाकी) रिकामा होतोय आणि पंपाकडून तेवढं पेट्रोल येतच नाहीये. निघाला काय, तर तुंबलेला फिल्टर. जेट होते तेच ठेवले, रेघ सरळ. रस्त्यावर हे शोधायला किती दिवस गेले असते कुणास ठाऊक.

एक मात्र लक्षात ठेवा, ही रेघ काढणारा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो, त्यामुळे गाडी मिस मारत असेल किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरी तो लीनच दाखवतो. आधी प्लग, वायरी, गॅस्केट बघा, मग कार्बला हात लावा.

टायमिंगसाठी (प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते) ब्रेकवाला डायनोच घ्या, नुसता इनर्शियावाला नको. ब्रेकवर एका आरपीएमला लोड धरून ठेवता येतो, मग टायमिंग दोन-दोन डिग्री पुढे नेत टॉर्क बघायचा, वाढायचा थांबला की तुम्हीही थांबा, नॉकिंग (इंजिनची ठकठक) ऐकू आलं तर त्याच्याही आधी. नुसत्या वजनदार रोलरवर हे जमत नाही.

वैताग पण आहे. पॉइंट्सवाल्या (जुन्या यांत्रिक इग्निशनच्या) गाडीला ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरचं सॉकेट) कुठून असणार, आरपीएमसाठी प्लगच्या वायरीला क्लॅम्प लावायचा, आणि वायरी जुन्या असल्या की टॉर्कचा ग्राफ करवतीसारखा. समोरचा पंखा हायवेच्या वाऱ्याची बरोबरी करत नाही, त्यामुळे लागोपाठच्या रनला इंजिन तापून पॉवर थोडी उतरते, दोन-तीन हॉर्सपॉवरच्या फरकावरून भांडणारे आमच्यातही आहेत म्हणा. आणि टायर! ग्रिप भरपूर आहे म्हणून जुने टायर चढवू नका, कडेच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, ते बघा, रबराला चिरा असतील तर आम्ही गाडी चढवतच नाही. रन चालू असताना रोलरच्या रेषेत पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही, यात मस्करी नाही.

मित्र सोबत असण्याचा फायदा म्हणजे मालकाचे डोळे आकड्यावर असतात तेव्हा बाकीच्यांचे गाडीवर असतात. सगळ्यात चकचकीत गाडीचा क्लच घसरतोय हे असंच पकडलं, आरपीएम उडी मारतोय आणि रोलरचा स्पीड तिथेच. मालक म्हणाला, रस्त्यावर कधी जाणवलंच नाही.

माझ्या गाडीला सध्या सेकंडरी (कार्बचा जास्त पॉवरला उघडणारा दुसरा भाग) उघडताना ग्राफमधे एक खड्डा पडतोय. ती कधी उघडायची ते ठरवणारी व्हॅक्यूमची स्प्रिंग कडक-नरम बदलून लागोपाठ रन घेणार आहे, त्याच दिवशी, त्याच डायनोवर, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.