वरची कवळी, तिसऱ्यांदा

दोन वर्षांत वरची कवळी दोनदा तुटली. दोन्ही वेळा मधोमध, पुढच्या दोन दातांच्या फटीतून थेट टाळूपर्यंत. दुसऱ्यांदा तर पोहे खाताना. आधीच्या दवाखान्यात विचारलं, "काका, अक्रोड फोडलात का?" मी ३२ वर्षं एसटीच्या वर्कशॉपला काढलीत. बसच्या स्प्रिंगचा पाटा ज्या खड्ड्यात तुटतो, त्या खड्ड्याचा दोष नसतो. तो हजारो हिसके खाऊन आधीच चिरलेला असतो.

नव्या डॉक्टरबाईंनी (आमच्या धाकटीच्या वयाच्या) दोन्ही तुकडे जुळवले आणि बोट ठेवलं ते पुढच्या खाचेवर. वरच्या ओठाला हिरडीशी बांधणारी पातळ दोरी असते, तिच्यासाठी कवळीला खाच ठेवावी लागते. माझी होती टोकदार, इंग्रजी व्ही सारखी. टोकदार कोपऱ्यातून तडा जातो, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही ठाऊक. त्यात दात काढून पाच वर्षं झालेली, हिरड्या झिजलेल्या, टाळूचं मधलं हाड तेवढं कडक. कवळी त्या हाडावर सी-सॉसारखी हलायची आणि प्रत्येक घासाला जराशी वाकायची. खालचे दात माझे स्वतःचे, त्यांचा दणका वेगळाच. पहिल्यांदा चिकटवून दिलेली, ती जोडाशेजारीच गेली.

मी म्हटलं, आत जाळी घाला. त्या म्हणाल्या, जाळीने तुकडे धरून राहतात, तडा थांबेलच असं नाही. मग टाळूचा भाग कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा ओतीव करून घेतला, जेमतेम अर्धा मिलिमीटर. दात आणि हिरड्यांचा भाग ॲक्रिलिकचाच. खाच गोल, घासून गुळगुळीत.

चौदा महिने झाले. भाकरी, भाजलेले शेंगदाणे, सगळं चालू आहे. जिभेला जागा मिळाली आणि चहा गरम आहे हे टाळूला पुन्हा कळायला लागलं, याचं मला फार अप्रूप.

तक्रारी आहेत. पैसे दुपटीहून जास्त. वजनाने पहिला आठवडा कवळी खाली येते की काय असं वाटायचं. आणि हिरड्या आणखी झिजल्या तर हिरडीवरचा भाग भरून घेता येतो, टाळूच्या पत्र्याचं तसं नाही. हे त्यांनी मी पैसे दिल्यानंतर सांगितलं, आधी सांगायला हवं होतं. रिव्ह्यूतला एक तारा त्याचा कापला.

जुने तुकडे त्यांनी पेशंटना दाखवायला मागितले. दिले नाहीत. वर्कशॉपच्या पोरांना दाखवायचेत.