शाळा की घरशाळा: आमच्या घरचा हिशेब

नागपुरात ख्रिस्ती घरातलं मूल शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं की चर्चमधल्या मावश्यांच्या भुवया वर जातात. साहजिकच आहे. शाळा काढणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले, तेव्हापासून आपली ओळखच शाळेशी जोडलेली!

शाळेत मैदान, प्रयोगशाळा आणि डबा वाटून खाणारे सवंगडी आयते मिळतात. घरी सगळी जुळवाजुळव. संडे स्कूल आठवड्यातून एकदा, त्यावर आमच्या पोरीची सवंगड्यांची भूक भागत नाही. आणि बायबलवाचनासाठी शाळा सोडायची काहीच गरज नव्हती, ते आधीही रोज व्हायचंच.

घरचा खरा फायदा वेळेचा. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आमची मुलगी सकाळी सहाला गणिताला बसते आणि दुपारी ताणून देते. अपूर्णांक अडले तर पोळीचे आठ तुकडे करून हवं तितका वेळ तिथेच थांबता येतं. वर्गात धडा पुढे सरकलेला असतो. विज्ञानाला रमण विज्ञान केंद्र, इतिहासाला अजब बंगला, म्हणजे इथलं वस्तुसंग्रहालय.

कागदपत्रांत मात्र शाळाच सरस. दाखला, दहावीचा फॉर्म, सगळं तिच्याकडे. शिक्षणहक्क कायद्यात घरशाळेसाठी वेगळी तरतूद नाही. दहावीला एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाचा रस्ता आहे. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, परीक्षा वर्षातून दोनदा.

दोघंही दिवसभर नोकरीला जात असाल, तर मी शाळाच सुचवेन.